भिंगारच्या वेशीवर तीन शतके
लेखमाला : श्रद्धा आणि शोध (लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण १६३३ साली रोममध्ये गॅलिलिओवर चाललेला खटला पाहिला. तो इतक्यांदा सांगितला जातो की त्यावरून एक सोपे चित्र मनात पक्के बसते : एका बाजूला धर्म, दुसऱ्या बाजूला विज्ञान आणि दोघांची पिढ्यान् पिढ्या चाललेली कुस्ती. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. श्रद्धाळू तेवढा आंधळा आणि भविष्य न मानणारा तेवढा विज्ञाननिष्ठ, अशी वाटणी त्यातून होते आणि ती इतिहासाला धरून नाही. हे तपासायला रोमपर्यंत जायला नको. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर शहराला लागूनच भिंगार आहे. या भिंगारच्या आसपास तीन वेगवेगळ्या शतकांत घडलेल्या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, की भांडण नेमके कशावरून आहे ते दिसू लागते.

पहिली गोष्ट १७०७ सालची. दख्खनच्या मोहिमेत पंचवीस वर्षे घालवलेला, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा औरंगजेब येथील छावणीत अखेरच्या दुखण्याने पडला होता. ‘मआसिर-ए-आलमगिरी’ या बखरीत त्या दिवसांतला एक प्रसंग नोंदलेला आहे. हमीदुद्दीन खान या सरदाराने अर्ज केला, की ज्योतिष्यांच्या सांगण्याप्रमाणे बादशहावरून एक हत्ती आणि एक मौल्यवान हिरा उतरवून दान करावा. बादशहाने तो नाकारला. हत्ती दान करणे ही हिंदूंची आणि ग्रहताऱ्यांची पूजा करणाऱ्यांची रीत आहे, असा शेरा मारून त्याने त्याऐवजी गरजूंना वाटण्यासाठी मुख्य काझीकडे चार हजार रुपये पाठवायला सांगितले. मरण दाराशी आलेले असताना ज्योतिष्याला नकार देणारा माणूस आजच्या अर्थाने बुद्धिवादी वाटू शकेल. पण नकाराचे कारण पाहा. ग्रहांचा माणसाच्या आयुष्यावर परिणाम होतो की नाही, हा प्रश्न त्याने विचारलाच नाही. ही रीत आपल्या धर्मात बसत नाही, एवढेच त्याला पुरेसे होते. निष्कर्ष बरोबर निघाला म्हणून वाट बरोबर ठरत नाही. एका पोथीच्या आधाराने दुसरी पोथी बाजूला सारली, तर पोथीचा अधिकार जिथल्या तिथेच राहतो.

दुसरी गोष्ट १८४२ सालची. त्या वर्षी अमेरिकन मिशनने अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या नियतकालिकांपैकी हे एक. भूगोल, खगोल, नव्या यंत्रांची माहिती आणि ख्रिस्ती धर्माचा प्रचार अशी सगळी सामग्री त्यात एकत्र असे. या मिशनचे ऋण लहान नाही. मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा नगरला पाहिल्यानंतर जोतीराव फुले पुण्यात मुलींची शाळा काढायला प्रवृत्त झाले, हे सर्वश्रुत आहे. पण मिशनऱ्यांनी खगोलशास्त्र कसे वापरले, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. पृथ्वी वाटोळी आहे, ती सूर्याभोवती फिरते, म्हणून मेरू पर्वत आणि दुधा-दह्याचे समुद्र सांगणारी पुराणे खोटी, असा त्यांचा युक्तिवाद असे. पुराणांतल्या भूगोलाला लावलेली ही कसोटी बायबलमधल्या चमत्कारांना मात्र लावली जात नसे. दुर्बीण होती, ती शेजाऱ्याच्या घराकडे वळवलेली होती. म्हणजे इथे विज्ञान उघडपणे धर्माच्या विरुद्ध उभे दिसते, पण ते दुसऱ्याच धर्माच्या चाकरीत होते. नगरच्या लोकांना यातून खरा भूगोल मिळाला, आणि त्याबरोबर हा धडाही मिळाला, की विज्ञान हे दुसऱ्याला हरवण्याचे साधन आहे. तो धडा आपण अजून विसरलेलो नाही. इतर धर्मांतल्या अंधश्रद्धा मोजून दाखवणारे आज प्रत्येक धर्मात भेटतात.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. नगर शहर आणि भिंगार छावणी यांच्या मध्ये भुईकोट किल्ला आहे. ‘चले जाव’च्या ठरावानंतर ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यसमितीचे बारा नेते इथे आणून कोंडले गेले. त्यांत जवाहरलाल नेहरू होते आणि काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद होते. नेहरू आवारात बागेसाठी जमीन खणत. कुदळीला जुन्या भिंतींचे अवशेष लागत, कधी दारावर कोरलेले एखादे छोटे कमळ निघे. आणखी खोल खणायला सरकारची मनाई होती, तेव्हा त्यांनी लेखणीने खणायला घेतले. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून झाले. ज्याला आपण आज वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणतो, त्याची भारतातली सर्वांत प्रभावी मांडणी या ग्रंथात आहे. नेहरूंचा भर शोधांवर किंवा यंत्रांवर नाही, विचार करण्याच्या रीतीवर आहे. तपासल्याशिवाय काही स्वीकारायचे नाही आणि नवा पुरावा आला तर जुने मत सोडायचे, ही ती रीत. प्रयोगशाळेबाहेर पडताच अनेक शास्त्रज्ञच ही रीत विसरतात, अशी तक्रारही ते करतात.

त्याच भिंतींच्या आत आझादही लिहीत होते. पहाटे तीन-चारला उठून, स्वतःच्या हाताने चहा करून, ते एका मित्राला उद्देशून पत्रे लिहीत. ती पत्रे तेव्हा टपालात पडलीच नाहीत. पुढे १९४६ साली ‘ग़ुबार-ए-ख़ातिर’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. आझाद धर्मपंडित, एका पीराचे पुत्र, पण वारशाने आलेली श्रद्धा तरुणपणीच हादरल्याची आणि संशयाच्या वाटेने गेल्यानंतरच पुन्हा पाय टेकल्याची कबुली ते देतात. त्यांच्या मते तत्त्वज्ञान शंका उभी करते पण ती मिटवू शकत नाही. विज्ञान पुरावा देते, पण त्याने मनाला आधार मिळत नाही. धर्माकडे पुरावा नसतो, आधार असतो. इथे धर्माजवळ पुरावा नाही हे एका धर्मपंडितानेच कबूल केले आहे. श्रद्धेला त्यांनी सांत्वनाचे काम दिले, वस्तुस्थिती ठरवण्याचे काम तिच्याकडे ठेवले नाही. म्हणून स्वातंत्र्यानंतर शिक्षणमंत्री झालेल्या या श्रद्धावान माणसाच्या कारकिर्दीत, १९५१ साली, खरगपूरची आयआयटी सुरू होताना त्यांची श्रद्धा कुठे आडवी आली नाही. नास्तिकतेकडे झुकलेले नेहरू आणि श्रद्धावान आझाद यांची उत्तरे वेगळी होती, तरी तपासणीचा हक्क दोघांनाही मान्य होता. तो औरंगजेबाच्या शेऱ्यात नाही आणि ‘ज्ञानोदय’च्या युक्तिवादात अर्धाच आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की आझाद हा अपवाद. धर्म म्हणजे संस्था आणि सत्ता, ती तपासणी सहन करीत नाही. आक्षेपात तथ्य आहे. गॅलिलिओच्या बाबतीत चूक झाली हे पोपने जाहीरपणे मान्य करायला १९९२ साल उजाडले. पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याला तर अजून फार काळही लोटलेला नाही. पण दोष सत्तेचा असेल तर तो धर्मापुरता राहत नाही. नगरच्या किल्ल्यात हे नेते कैदेत असतानाच, जानेवारी १९४३ मध्ये, सोव्हिएत रशियातल्या सारातोवच्या तुरुंगात निकोलाय वाविलोव्ह मरण पावले. जगभरची बियाणी गोळा करणारा हा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ. लिसेंकोच्या सरकारमान्य शेतीसिद्धान्ताला त्यांनी विरोध केला होता. तिथे देव नव्हता, पोथी नव्हती, राज्य अधिकृतपणे नास्तिक होते. तरीही आनुवंशिकतेचे शास्त्र दडपले गेले, कारण पक्षाचे मत तपासण्याची मुभा नव्हती. प्रश्न विचारायला बंदी घातली, की ती घालणाऱ्याच्या कपाळावर गंध आहे की टोपीवर तारा, याने निकालात फरक पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे : श्रद्धेने कुणाला धीर मिळत असेल तर तिची उलटतपासणी कशाला? धीर देण्यापुरती ती राहते तोवर खरोखरच गरज नाही. पण ती वस्तुस्थितीबद्दल बोलू लागली, की गरज लागते. सर्पदंशाचेच पाहा. आपल्याकडचे बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष अंगात जातेच असे नाही. असे रोगी मांत्रिकाकडे नेले तरी वाचतात आणि मंत्राचे नाव होते. जे दगावतात ते ‘उशिरा आणले’ या खात्यात जमा होतात. यशच मोजायचे आणि अपयश मोजायचेच नाही, असा हा हिशेब. याउलट ग्रामीण रुग्णालयातली साधी चाचणी घ्या. रोग्याचे थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात, मग नळी तिरकी करतात. रक्त गोठले नसेल तर घोणसासारख्या सापाचे विष अंगात भिनले आहे असे धरून प्रतिविष देतात. डॉक्टरचा अंदाज चुकला तर तो नळीत दिसतो. मांत्रिकाची चूक दिसावी अशी नळीच त्याच्याकडे नाही.

महाराष्ट्राने डिसेंबर २०१३ मध्ये केलेला जादूटोणाविरोधी कायदा याच रेषेवर उभा आहे. वारी, कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा, प्रदक्षिणा यांना त्याने हात लावलेला नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र आणि गंडेदोरे करणे हा मात्र गुन्हा आहे. भिंगारजवळच्या तुरुंगात लिहिलेला वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विचार १९७६ साली राज्यघटनेच्या कलम ५१-अ मध्ये नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून दाखल झाला. ते कर्तव्य देवघर रिकामे करायला सांगत नाही. दुर्बीण आधी आपल्या घराकडे वळवायला सांगते. साप चावला तर माणूस आधी दवाखान्यात न्या. नवस नंतरही फेडता येतो.