भिंतीतील मोहोळ आणि काश्मिरी घराचा हिवाळा

काश्मीर खोऱ्यात २१ डिसेंबरच्या सुमारास ‘चिल्लई कलान’ सुरू होते. कडाक्याच्या थंडीचे हे ४० दिवस सरले की २० दिवसांची ‘चिल्लई खुर्द’ आणि त्यानंतर १० दिवसांची ‘चिल्लई बच्चा’ येते. असे एकूण ७० दिवस खेड्यातील कुटुंबाचा वावर बहुतांशी घरातच असतो. रात्रीचे तापमान शून्याखाली पाच-सहा अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरते. वळचणीला बर्फाचे सुळे लोंबू लागतात, वाटा बुजतात, नळाचे पाणी गोठते. मोठ्या घरातील बहुतेक खोल्या बंद करून सारी माणसे एक-दोन उबदार खोल्यांत एकत्र येतात. जुन्या धाटणीच्या घरांत मात्र त्याच भिंतीआड आणखी एक कुटुंब हिवाळा काढत असते. ते म्हणजे सातेरी, अर्थात एपिस सेराना या मधमाशीची वसाहत.

दोन्ही कुटुंबांची तयारी शरद ऋतूतच सुरू होते. घरातील स्त्रिया दुधी, वांगी, टोमॅटो, सलगम यांच्या फोडी उन्हात वाळवतात आणि दोऱ्यात ओवून माळा टांगतात. या वाळवणाला ‘होख स्युन’ म्हणतात. रस्ते बंद पडले की भाताबरोबर याच भाज्या शिजतात. चिनाराची गळलेली पाने झाडून, अर्धवट जाळून त्यांचा कोळसा केला जातो. तो पुढे कांगडीत, म्हणजे वेताच्या टोपलीत बसवलेल्या मातीच्या शेगडीत, निखाऱ्यांसाठी वापरतात. याच दिवसांत डोंगरउतारांवर ‘सोलाई’ ही झुडपे फुललेली असतात आणि मधमाश्या त्यांचा मकरंद साठवण्यात गुंतलेल्या असतात. सोलाईचा फिकट, रवाळ मध खोऱ्यात विशेष मानाचा समजला जातो. माश्यांच्या दृष्टीने मात्र ते त्यांचे वाळवणच होय.

भिंतीतील मोहोळाची रचना साधी आहे. मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या जाड भिंतीत, ती बांधतानाच, भाजक्या मातीचे नळकांडे आडवे बसवतात. त्याच्या बाहेरील तोंडाला माश्यांना ये-जा करता येईल एवढेच छिद्र ठेवतात. आतील तोंड खोलीत उघडते. ते मातीच्या थाळीने झाकून, कडा माती व शेणाने लिंपून टाकतात. १८२२-२३ मध्ये काश्मिरात राहिलेल्या विल्यम मूरक्रॉफ्ट या इंग्रज पशुवैद्याने या भिंतींचे बारकाईने वर्णन केले असून, ते १८४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथात वाचावयास मिळते. गवताचा मंद धूर आतील तोंडातून फुंकून माश्यांना बाहेरच्या बाजूस सरकवायचे आणि त्यांना न मारता आतील पोळी काढायची, ही रीत पाहून तो प्रभावित झाला होता. त्या काळी युरोपातील अनेक भागांत मध काढण्यासाठी गंधकाच्या धुराने वसाहतच मारली जात असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या कौतुकाचे कारण कळते.

या रीतीमागे माश्यांच्या स्वभावाची अचूक जाण आहे. आडव्या पोकळीत माश्या अंडी व अळ्यांची पोळी सामान्यतः प्रवेशद्वाराजवळ ठेवतात आणि मध दूरच्या टोकाला साठवतात. ते टोक खोलीच्या बाजूस येत असल्यामुळे घरमालकाला पिलाव्याला धक्का न लावता मध मिळतो. किती पोळी काढायची आणि किती ठेवायची, हा निर्णय मात्र घरातील जाणत्या माणसाचा असतो. तो चुकला तर त्याचे फळ फेब्रुवारीत दिसते.

थंडी वाढली की माश्या पोळ्यांवर दाटीने गोळा होतात व त्यांचा एक घोस तयार होतो. मध्यभागी राणी असते. बाहेरच्या थरातील माश्या डोकी आत वळवून एकमेकींना बिलगतात आणि त्यांच्या केसाळ शरीरांचे जाड आवरणच तयार होते. आतील माश्या पंख न हलवता उड्डाणाचे स्नायू आकुंचित करीत राहतात. या कामातून निघणारी उष्णता घोसात साठते. पिलावा असेल तेव्हा घोसाचा गाभा ३४ ते ३५ अंश सेल्सिअसपर्यंत उबदार ठेवावा लागतो. ऐन हिवाळ्यात पिलावा नसतो, तेव्हा बरीच कमी ऊब पुरते आणि मधाचीही बचत होते. फेरनच्या घोळात कांगडी धरून बसलेल्या माणसाची आठवण यावी अशीच ही व्यवस्था आहे. कांगडीला कोळसा लागतो, घोसाला मध. हिवाळ्यासाठी जन्मणाऱ्या कामकरी माश्याही वेगळ्या असतात. त्यांच्या शरीरात मेद व प्रथिनांचा साठा अधिक असतो. उन्हाळ्यातील कामकरी माशी काही आठवडेच जगते, तर या माश्या काही महिने तग धरतात.

हिवाळ्यात वसाहती मरतात त्या थंडीनेच, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात उपासमार आणि ओल ही अधिक मोठी कारणे असतात. एक किलो मध माश्यांच्या शरीरात खर्च झाला की त्यातून सुमारे ६०० ते ७०० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. पातळ फळीच्या पेटीत ही वाफ थंड झाकणाला लागून थेंबांच्या रूपात माश्यांवर ठिबकते. माती-शेणाचा लेप ती शोषून घेतो आणि हळूहळू सोडून देतो. जाड भिंतीचा दुसरा लाभ असा की, दिवस-रात्रीच्या तापमानातील चढउतार आत फारसा पोचत नाही. खोलीची ऊब माश्यांना मिळते म्हणून भिंतीतील मोहोळ चांगले, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. ऊब अचानक व जास्त मिळाली तर घोस सैल होतो, माश्यांची हालचाल वाढते आणि मध अकाली संपतो. हळू तापणारी आणि हळू निवणारी भिंत त्यांना अधिक मानवते.

बर्फाच्या दिवसांत मोहोळ उघडून पाहणे म्हणजे साठवलेली ऊब गमावणे होय. आतील झाकणाला कान लावला तर मंद गुणगुण ऐकू येते. बोटाने हलकेच टिचकी मारल्यावर आवाज क्षणभर चढून विरला, तर बहुधा सारे ठीक असते. तो बराच वेळ केविलवाणा चालू राहिला तर राणी नसल्याची शंका घ्यावी. बाहेरच्या छिद्रावरील बर्फ काडीने दूर करणे आणि तेथे अडकलेल्या मृत माश्या काढणे, एवढेच काम उरते. घरातील मुलेही ते करू शकतात. साखरेचा पाक द्यायचाच असेल तर तो थंडीपूर्वी, दोन भाग साखर व एक भाग पाणी या प्रमाणात द्यावा. ऐन थंडीत पातळ पाक दिल्यास आत ओलच वाढते.

आज या भिंती कमी होत आहेत. एक कारण रोगाचे आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ईशान्य भारतात आढळलेला थाई सॅकब्रूड विषाणू पुढील काही वर्षांत पश्चिम हिमालयापर्यंत पसरला आणि सातेरीच्या असंख्य वसाहती अळ्या सडून नष्ट झाल्या. त्यानंतर पेटीत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय मेलिफेरा माशीचा प्रसार झाला. ती मध अधिक देते, यात वाद नाही. मात्र खोऱ्यातील अनेक मधपाळ हिवाळ्यात तिच्या पेट्या ट्रकने राजस्थान-पंजाबच्या मोहरीकडे नेतात. घरात थांबून हिवाळा काढणारी माशी प्रामुख्याने सातेरीच. दुसरे कारण बांधकामाचे. सिमेंटच्या विटांची पातळ भिंत आणि पत्र्याचे छप्पर असलेल्या घरात नळकांड्याला जागाच राहत नाही.

याचा संबंध फळबागांशी आहे. मार्चमध्ये बदाम फुलतो, तेव्हा हवा अजून गार असते. एप्रिलमधील सफरचंदाच्या डेलिशियस जातींना फळधारणेसाठी दुसऱ्या जातीचे पराग लागतात आणि ते मुख्यतः कीटकच वाहून नेतात. सातेरी मेलिफेरापेक्षा कमी तापमानात बाहेर पडते, सकाळी लवकर कामाला लागते. बाहेरगावी गेलेल्या पेट्या बदामाच्या बहरापूर्वी परततीलच असे नाही. भिंतीतील माशी मात्र बागेपासून काही पावलांवर असते. व्हॅरोआ या परजीवी कोळ्याला स्वतःच्या अंगावरून काढून टाकण्याची क्षमताही सातेरीत अधिक आहे.

सह्याद्रीत महाबळेश्वरच्या परिसरात पाळली जाणारी सातेरी हीच जात होय. हिमालयातील सातेरी मात्र आकाराने मोठी असते आणि तिच्या वसाहतीही मोठ्या भरतात.

नवे घर बांधणाऱ्या कुटुंबाला दक्षिण किंवा आग्नेय दिशेच्या भिंतीचा एक भाग मातीच्या विटांनी जाड ठेवता येतो. ते शक्य नसेल तर फळीची पेटी भाताच्या पेंढ्याने चारही बाजूंनी वेढून, वर कोरड्या गवताची गादी ठेवून, वाऱ्याआड कोरड्या जागी ठेवावी व प्रवेशद्वार अरुंद करावे. फेब्रुवारीच्या अखेरीस एखाद्या दुपारी ऊन पडले की माश्या थोडा वेळ बाहेर येतात, कारण त्या पोळ्यात विष्ठा टाकत नाहीत. अंगणातील बर्फावर पिवळे ठिपके दिसू लागतात. काही दिवसांत वाळुंजाच्या झाडांवर पहिले पराग येतात आणि राणी पुन्हा अंडी घालू लागते. साठा सर्वांत वेगाने संपतो तो याच पंधरवड्यात. म्हणून शरदात राखून ठेवलेल्या शेवटच्या दोन पोळ्यांचा उपयोग खरा तेव्हा होतो.