पीबॉडीची बदके

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात युनियन अव्हेन्यूवर असलेल्या पीबॉडी हॉटेलच्या लॉबीत रोज सकाळी ११ वाजता पाच बदके लिफ्टने खाली येतात, लाल गालिच्यावरून चालत मध्यभागीच्या दगडी कारंज्यात उतरतात आणि सायंकाळी ५ वाजता त्याच वाटेने आपल्या गच्चीवरील निवासाकडे परततात. बदके मॅलार्ड जातीची असतात, म्हणजे जगातील बहुतेक पाळीव बदकांच्या जाती ज्या रानबदकापासून उत्पन्न झाल्या त्या मूळ जातीची. त्यांत चमकदार हिरव्या डोक्याचा व गळ्याभोवती पांढरे कडे असलेला एक नर आणि ठिपकेदार तपकिरी पिसांच्या चार माद्या असतात. प्रथेचा जन्म निव्वळ थट्टेतून झाला हे हॉटेल स्वतःच सांगते. परंतु या थट्टेला पुढे ठरीव वेळ, गणवेश, पदनाम आणि निवृत्तीसुद्धा लावून देण्यात आली, व तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य पक्ष्यांच्या गोंडसपणापेक्षा या व्यवस्थेतच अधिक आहे.

पीबॉडी नावाचे पहिले हॉटेल १८६९ मध्ये, यादवी युद्ध संपल्यानंतर चार वर्षांनी, रॉबर्ट ब्रिंकली या रेल्वे उद्योजकाने उभारले आणि त्याला लंडनमध्ये स्थायिक झालेल्या जॉर्ज पीबॉडी या अमेरिकन सावकार-दानशूराचे नाव दिले. पीबॉडीचा मृत्यूही त्याच वर्षी झाला. ती वास्तू १९२३ मध्ये बंद पडली आणि शिकागोचे वास्तुरचनाकार वॉल्टर आल्श्लागर यांनी इटालियन प्रबोधनकालीन शैलीत आखलेली आजची इमारत १९२५ मध्ये नव्या जागी सुरू झाली. या वैभवामागचा पैसा कापसाचा होता. मिसिसिपी नदीकाठचे मेम्फिस ही दक्षिणेतील कापसाची मोठी बाजारपेठ. मळेवाले, अडते आणि दलाल माल विकण्यासाठी येथे येत आणि पीबॉडीत उतरत, त्यामुळे डेल्टा नावाने ओळखल्या जाणाऱ्या नदीकाठच्या सुपीक कापूसपट्ट्याची वेस या लॉबीतच आहे, असे मानण्याची रीत पडली. (याच दक्षिणी कापसाची निर्यात यादवी युद्धातील नाकेबंदीमुळे थांबली, तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांना अचानक धनलाभ झाला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तेथील शेअर बाजार कोसळला; मेम्फिसचा कापूस आणि मुंबईचा इतिहास यांचे नाते असे जवळचे आहे.) वर्णभेदाच्या दशकांत पाहुणे म्हणून या लॉबीत गोऱ्यांनाच प्रवेश होता, ही बाब बदकांच्या कौतुकात सहसा मागे पडते.

१९३३ च्या सुमारास हॉटेलचे व्यवस्थापक फ्रँक शुट आणि त्यांचे मित्र चिप बारविक हे नदीपलीकडील आर्कान्सा राज्यातून बदकांची शिकार करून परतले आणि व्हिस्कीच्या अमलात त्यांनी बरोबरची तीन जिवंत बदके लॉबीच्या कारंज्यात सोडली, अशी प्रथेची उगमकथा आहे. टेनेसी राज्यात तेव्हा दारूबंदी होती, हा तपशील कथा सांगताना कोणाला फारसा अडत नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की शिकाऱ्यांजवळ जिवंत बदके आली कोठून. ती शिकारीत सापडलेली नव्हती. ती शिकारीचे साधन होती. कॉल डक या लहान चणीच्या पाळीव जातीची मादी फार मोठ्याने ओरडते, म्हणून अशी बदके पाण्यावर बांधून ठेवली की त्यांच्या आवाजाने वरून जाणारे रानबदकांचे थवे खाली उतरत आणि दबा धरून बसलेल्या शिकाऱ्याच्या टप्प्यात येत. महाराष्ट्रातील फासेपारधी पाळीव तित्तिराच्या हाकेवर रानातले तित्तिर फाशाकडे ओढत, तसाच हा प्रकार. हिवाळ्यात उत्तरेकडून मिसिसिपीच्या खोऱ्याने दक्षिणेस येणाऱ्या बदकांना आर्कान्सातील पाणथळ जंगले आणि भातशेते फार मानवतात, त्यामुळे तेथे ही शिकार जोरात चाले. परंतु दुष्काळ आणि बेसुमार शिकार यांमुळे संख्या घटल्यावर संघराज्य सरकारने १९३५ मध्ये जिवंत आमिष-बदकांच्या वापरावर बंदी घातली. पीबॉडीच्या कारंज्यात गेलेल्या तीन बदकांचा मूळ धंदा अशा रीतीने दोनेक वर्षांतच बेकायदा ठरला.

पाहुण्यांना गंमत आवडल्यामुळे बदके ठेवण्यात आली आणि लवकरच कॉल डकची जागा पाच मॅलार्डांनी घेतली. तरी केवळ पाण्यात तरंगणाऱ्या बदकांनी एखाद्या हॉटेलची कीर्ती देशभर झाली असती असे वाटत नाही. ते श्रेय एडवर्ड पेम्ब्रोक यांचे. पाहुण्यांचे सामान खोल्यांपर्यंत नेणारे पेम्ब्रोक पूर्वी सर्कशीत प्राणी शिकवण्याचे काम करीत असत. १९४० मध्ये त्यांनी बदकांना कारंज्यापर्यंत नेण्या-आणण्याची जबाबदारी आपणहून मागून घेतली, त्यांना रांगेने चालायला शिकवले आणि ‘डकमास्टर’, म्हणजे बदकांचा प्रमुख, हे पद मिळवून १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत सुमारे ५० वर्षे सांभाळले.

त्यांच्या शिकवणीचे मर्म समजण्यासाठी बदकाचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. बदक हा थव्याने वावरणारा पक्षी असून, एक निघाले की उरलेली मागोमाग निघतात आणि मोकळ्या, अनोळखी जागेत एकटे पडण्यापेक्षा पाण्याकडे धावणे पसंत करतात. डकमास्टरचे काम त्यामुळे पक्ष्यांना नवी करामत शिकवण्याचे कमी आणि त्यांची स्वाभाविक धाव एका वाटेवर व एका वेळेवर बसवण्याचे अधिक असते: गालिचा वाट आखून देतो, दुतर्फा उभी गर्दी कुंपणाचे काम करते, मागे काठी घेतलेला माणूस असतो आणि पुढे पायऱ्या चढल्या की पाणी. सोनेरी नक्षीच्या लाल कोटातील डकमास्टर आधी जमलेल्यांना हॉटेलचा इतिहास सांगतो, मग जॉन फिलिप सूझा यांची ‘किंग कॉटन’ ही संचलनाची धून वाजू लागते. ही धून १८९५ मध्ये अटलांटा येथील कापूसउत्पादक राज्यांच्या प्रदर्शनासाठी रचलेली होती, तेव्हा कापसावर पोसलेल्या या हॉटेलासाठी तिच्याइतकी योग्य निवड दुसरी सापडणे कठीण. प्रत्यक्ष चालणे मिनिटभरातच आटोपते. उरलेला सारा सोहळा माणसांचा असतो, आणि माणसे तो कमालीच्या गांभीर्याने पार पाडतात.

बदके कायमची नसतात. परिसरातील एका शेतावर वाढवलेली पाच बदके हॉटेलात येतात, सुमारे तीन महिने काम करतात, पूर्ण वाढ झाली की शेतावर परत जातात आणि त्यांच्या जागी नवी तुकडी येते. हॉटेल त्यांना लाडके पाळीव प्राणी मानत नाही, आणि हा संयम शहाणपणाचा आहे, कारण माणसाला अति सरावलेला पक्षी पुन्हा मोकळ्यावर निभावणे अवघड. गच्चीवर त्यांच्यासाठी संगमरवर व काचेचे घर असून त्यास ‘डक पॅलेस’ म्हणतात. त्यावर सुमारे दोन लाख डॉलर खर्च झाले. हॉटेलच्या उपाहारगृहांत बदकाचे मांस मिळत नाही. फ्रेंच धाटणीच्या स्वयंपाकघरासाठी हा त्याग लहान नाही, परंतु लॉबीत ज्याचा मान राखायचा तेच ताटात वाढण्याची विसंगती कोणत्याही व्यापाऱ्याला परवडली नसती.

मेम्फिसचा मध्यभाग ओस पडत गेला तसे १९७५ मध्ये हॉटेल बंद पडले; त्याच वर्षी बेल्झ कुटुंबाने ते विकत घेतले आणि मोठ्या दुरुस्तीनंतर १९८१ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा बदकेही परतली. फ्लोरिडातील ऑरलँडो आणि आर्कान्साची राजधानी लिटल रॉक येथे याच नावाची हॉटेले निघाली आणि तेथेही गालिचा अंथरला गेला, पण २०१३ मध्ये दोन्ही इतर हॉटेल-साखळ्यांकडे गेल्यावर तेथील संचलन थांबले. लाल कोट, धून आणि मॅलार्ड कोठेही मिळू शकतात. नव्या मालकांना मात्र त्यांचा रोजचा खर्च आणि खटाटोप सांभाळण्याचे कारण उरले नव्हते, तर मेम्फिसमध्ये पाहुणे बदकांच्या या संचलनासाठीच खोली घेतात.