लाळेच्या नमुन्यातून मनाचा थांग?

कोवळ्या वयातले मूल नैराश्याने ग्रासले की आईबापांच्या जिवाची होणारी घालमेल शब्दांत सांगता येत नाही. पहिले औषध लागू पडते की नाही हे कळण्यासच चार ते सहा आठवडे जातात. गुण आला नाही तर दुसरे. अशा वेळी लाळेच्या नमुन्यावरून ‘योग्य’ औषध सांगणारी जनुक-चाचणी पुढे आली, तर पालक पदरमोड करून ती करवून घेतील, यात नवल नाही. म्हणूनच तिचे खरे मोल पारखून घ्यावयास हवे.

या चाचणीमागे शास्त्र नाही असे नव्हे. यकृतातील ‘सीवायपी२सी१९’ आणि ‘सीवायपी२डी६’ ही विकरे नैराश्यावरील अनेक औषधांचे विघटन करतात. ज्याच्या जनुकांमुळे हे कार्य मंद चालते, त्याच्या रक्तात औषध साचते. ज्याचे जलद चालते, त्याला नेहमीची मात्रा अपुरी पडते. एसिटालोप्रामसारख्या औषधाची मात्रा ठरविताना ही माहिती उपयोगी पडू शकेल. परंतु औषध शरीरात किती टिकेल हे सांगणे वेगळे आणि ते मनाला उभारी देईल काय, हे सांगणे वेगळे.

अमेरिकेत १७६ किशोरवयीन रुग्णांवर झालेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चाचणीनुसार औषध दिलेल्यांना इतरांहून अधिक गुण आल्याचे दिसले नाही. तेथील बाल व किशोर मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्येच, औषधनिवडीसाठी ही चाचणी टाळावी, असे सांगितले होते.

मग करावे काय? ही औषधे घेणाऱ्या मुलांत आत्मघाताचे विचार बळावण्याचा धोका ओळखून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली कडक इशारा दिला. तेव्हा पहिल्या काही आठवड्यांतील डोळ्यांत तेल घालून ठेवलेली देखरेख कोणत्याही चाचणीहून मोलाची. त्याच वर्षी ४३९ मुलांवरील अभ्यासात फ्लुओक्सेटिन आणि संवादोपचार यांच्या जोडीने १२ आठवड्यांत ७१ टक्के मुलांना आराम पडल्याचे दिसले. केवळ औषधाने ६१ टक्के मुलांना.

संवादाचे हे सामर्थ्य गोव्याला अपरिचित नाही. ‘संगाथ’ या संस्थेने येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांकरवी प्रौढांच्या नैराश्यावर यशस्वी उपचार करून दाखविले आहेत. हा धडा शाळाशाळांतून गिरविला जावा. प्रयोगशाळेच्या अहवालाआधी मुलाला हवे आहे ते त्याचे ऐकून घेणारे माणूस.