पाना दहाचा की बाराचा?

घरी गाडीची हत्यारं ठेवायची असं ठरलं की पहिली नजर जाते ती ऑनलाइन दुकानातल्या शेहेचाळीस नगांच्या पेटीवर. आत चकाकत्या गोट्यांच्या, म्हणजे सॉकेटच्या, रांगा, एक छोटं रॅचेट, आणि किंमत स्कूटरच्या एका सर्व्हिसिंगपेक्षाही कमी. मोह पडावा अशीच ती दिसते. पण गोट्यांवरचे आकडे वाचले तर ४, ४.५, ५, ५.५ मिमी अशी सुरुवात असते आणि या मापाचे बोल्ट दुचाकीवर शोधूनही फारसे सापडत नाहीत. वरच्या बाजूला रांग १४ वर संपते, म्हणजे मागच्या चाकाचा नट पेटीच्या आवाक्याबाहेर. शिवाय रॅचेटचा चौकोन पाव इंची. त्यावर कारच्या चाकाच्या नटाचा जोर टाकला, तर नट जागचा हलत नाही आणि रॅचेटचे दात जातात.

म्हणून आधी गाडी पाहावी, मग पेटी.

गॅरेजमध्ये पोऱ्याला हाक जाते ती ‘दहा-अकरा दे’, ‘बारा-तेरा कुठाय?’ अशी. दोन्ही तोंडांना दोन मापं असलेले हे पाने. होंडा, हिरो, यामाहा, सुझुकी, मारुती अशा जपानी घडणीच्या गाड्यांवर राज्य असतं ते ८, १०, १२, १४ आणि १७ चं. युरोपीय घडणीच्या गाडीवर मात्र १३ चा पाना सारखा हातात घ्यावा लागतो. ८ मिमी जाडीच्या बोल्टचं डोकं जपानी प्रमाणानुसार १२ चं, तर युरोपीय प्रमाणानुसार १३ चं, एवढाच हा फरक. पण १२ च्या डोक्यावर १३ चा पाना ‘चालवून घेतला’ की कडा घासतात आणि नट गोल होतो. जुन्या बुलेटवाल्यांचं दुखणं आणखी निराळं. तिचे कित्येक बोल्ट ब्रिटिश इंची मापाचे. त्यांना मिलिमीटरचा पाना एकतर शिरत नाही, नाहीतर सैल बसतो.

माप जुळलं तरी पान्याची जात महत्त्वाची. उघड्या तोंडाचा फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो. रिंग पाना सगळीकडून वेढतो. त्यामुळे गंजलेला, घट्ट बसलेला बोल्ट पहिल्यांदा हलवायचा तो रिंग पान्यानं किंवा गोटीनं. एकदा सैल झाला की मग फिक्स पान्यानं भराभर काढावा. गोटी घेताना आतून सहा कोनांची घ्यावी. बारा कोनांची गोटी अडचणीच्या जागी पटकन बसते खरी, पण डोकं आधीच झिजलेलं असेल तर तीच आधी सटकते. आणि स्क्रू पाना, म्हणजे जबडा पुढेमागे करता येणारा, हा नळाच्या कामाला ठीक आहे. गाडीच्या बोल्टला तो शेवटच्या नाइलाजालाच लावावा.

पेचकसाची एक गंमत बहुतेकांना माहीत नसते. इंजिनच्या कव्हरवरचे चार खाचांचे स्क्रू आणि घरातला फुलीचा पेचकस दिसतात सारखे, पण जुन्या जपानी घडणीच्या मोटरसायकलींवरचे स्क्रू जपानी प्रमाणाचे असतात. अमेरिकी फिलिप्स पेचकस त्यांत पुरता बसत नाही. जोर लावला की वर उचलला जाऊन खाचा खातो. अशा स्क्रूसाठी मेकॅनिककडे इम्पॅक्ट ड्रायव्हर नावाचं जाडजूड हत्यार असतं. मागून हातोडीचा ठोका बसला की टोक आत दाबलं जातं आणि त्याच क्षणी थोडं फिरतं. विजेशिवाय चालतं, किंमतही फार नाही. जुनी गाडी सांभाळणाऱ्यानं ते जरूर घ्यावं.

खरी गोम मात्र आवळण्यात आहे. घरच्या दुरुस्तीत सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते नट सुटत नाही म्हणून नव्हे, तर तो परत लावताना ‘आणखी थोडा’ आवळल्यामुळे. आवळण्याचा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात, आणि तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. दहाचा पाना लागतो त्या ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. पान्यावर नटापासून बारा सेंटिमीटरवर हात ठेवला, तर हा जोर भरतो जेमतेम साडेआठ किलोचा. धडधाकट माणूस मनगटाच्या एका झटक्यात त्याच्या दुप्पट लावतो. इंजिनचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट पोलादाचा असल्यामुळे हार ॲल्युमिनियमची होते: आटे जातात. तीनशे रुपयांचं ऑइल बदलायला बसलेला माणूस मग ड्रेन बोल्टचे आटे नव्यानं पाडून घ्यायला लेथवाल्याकडे जातो.

स्पार्क प्लगवर हे छान शिकता येतं. इंजिन पूर्ण थंड असावं. बहुतेक लहान मोटरसायकली आणि स्कूटरींच्या प्लगला १६ चा प्लग पाना लागतो. काढण्याआधी भोवतालची माती फुंकून घ्यावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवत आत न्यायचा. दोन-तीन फेऱ्यांतच अडकला, तर तो वाकडा शिरतोय. उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करायची. वॉशर टेकल्याचं बोटांना कळलं की मगच पाना लावून अर्धा फेरा द्यायचा, आणि थांबायचं. आट्यांपाशी १० मिमी जाडीच्या प्लगला १० ते १२ न्यूटन-मीटर लागतात आणि वॉशर नवा असताना या अर्ध्या फेऱ्यात तेवढे भरतात.

अंदाजावर भरवसा नसेल तर टॉर्क रेंच घ्यावा. दांड्यावर आकडा लावायचा, आवळत जायचं, ‘कट’ असा आवाज आला की हात काढायचा. पुष्कळ जण पुन्हा एकदा खात्रीसाठी ‘कट’ करतात, तो जोर फुकटचा जास्तीचा. या हत्यारानं नट सोडवू नये, आणि काम झालं की आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावा. नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेली राहून मोजमाप चुकू लागतं.

आता विजेच्या आणि बॅटरीच्या हत्यारांकडे. बाजारात सध्या हौस आहे ती बॅटरीवरच्या इम्पॅक्ट रेंचची. टायरच्या दुकानातल्या हवेच्या गनचा हा धाकटा भाऊ. खोक्यावर ‘१८ व्होल्ट’ आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ असं वेगवेगळं छापलेलं असतं, पण आत पाच सेल तेच: एक आकडा कामाच्या दाबाचा, दुसरा पूर्ण चार्ज झाल्याबरोबरचा. वीसचं यंत्र अठरापेक्षा ताकदवान समजून जादा पैसे देऊ नयेत. गनला गोट्या लागतात त्या काळ्या, जाड भिंतीच्या, खास इम्पॅक्टच्या. चकचकीत क्रोमची गोटी ठोक्यांनी तडकू शकते आणि तिचे तुकडे उडतात.

गन सोडवण्यापुरतीच वापरावी. आवळण्यासाठी तिच्यावर विसंबणं म्हणजे आटे आणि बोल्ट दोन्ही पणाला लावणं. कारच्या चाकाचे नट गननं काढावेत, परत मात्र बोटांनी चढवावेत, चांदणीच्या आकारात समोरासमोरचे घेत आवळावेत आणि गाडी खाली टेकवून टॉर्क रेंचनं शेवट करावा. लहान कारना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

ग्राइंडर घरी आणण्याआधी दोनदा विचार करावा. गंजलेला बोल्ट कापायला त्याच्यासारखं हत्यार नाही, हे खरं. पण ४ इंची चकती मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेते. गार्ड काढून, चष्म्याशिवाय आणि सैल बाहीचा शर्ट घालून ती चालवणारे रस्तोरस्ती दिसतात. त्यांचं अनुकरण नको. चकतीवर छापलेली वेगमर्यादा आणि मुदत दोन्ही पाहावीत. पेट्रोलची टाकी किंवा बॅटरी जवळ असेल तर ठिणग्या उडवूच नयेत.

इतकं सगळं घेण्याआधी चारेकशे रुपयांचा मल्टिमीटर घ्यावा, असं या लेखकाचं मत आहे. सकाळी गाडी सुरू होत नाही तेव्हा पाने काही सांगत नाहीत, मीटर सांगतो. बंद गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२ च्या आसपास असेल तर उतरली आहे. इंजिन चालू असताना आकडा १४ च्या आगेमागे गेला नाही, तर दोष बॅटरीत नसून चार्जिंगमध्ये आहे आणि नवी बॅटरी घेऊन पैसे वाया जाणार आहेत. बॅटरी काढायची झाली तर दहाच्या पान्यानं आधी ऋण टोक सोडवावं. धन टोकापासून सुरुवात केली आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर शॉर्ट होऊन पाना लाल होतो, हात भाजतो.

खरेदीला पुण्यात बोहरी आळी आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीट आहेच. पान्यावर क्रोम व्हॅनेडियम लिहिलंय का ते पाहावं, मापाचा आकडा छापलेला नसून ठोकलेला असावा, आणि दुकानातल्याच एखाद्या बोल्टवर पाना बसवून किती हलतो ते बघावं. टपारियासारख्या नाशिकच्या कारखान्यातले सहा-सात रिंग पाने शंभर नगांच्या अनोळखी पेटीपेक्षा जास्त वर्षं टिकतात.

काही कामांना घरी हात लावू नये. जॅकवर उचललेल्या कारखाली शिरणं त्यांत पहिलं. जॅक चाक बदलण्यासाठी असतो. खाली जायचं तर लोखंडी स्टँड हवेत आणि उरलेल्या चाकांना ठोकळे. एअरबॅग, ब्रेकच्या नळ्या, आणि विजेवरच्या गाड्यांतल्या नारिंगी केबल यांपासूनही दूर राहावं. मोटरसायकलची चेन इंजिन चालू ठेवून साफ करणाऱ्यांची बोटं जातात. गाडी बंद करून चाक हातानं फिरवावं. यामाहाच्या अनेक मोटरसायकलींवर उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, हेही ध्यानात असू द्यावं. काढलेलं ऑइल गटारात न ओतता डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्यावं.

आणि कार असेल तर या रविवारी एक काम करा. डिकीतला पाना काढून चाकाच्या नटाला बसतो का ते पाहा आणि एक नट सोडवून परत लावा. टायरवाल्याच्या गननं नट किती आवळले आहेत, हे रात्री घाटात कळण्यापेक्षा घराखाली कळलेलं बरं.