धामणीला हवा उंदीर, दूध नव्हे!

भातलावणी सुरू झाली की आमच्या चारोटीकडे घरोघरी एकच विषय, साप! बचत गटाच्या बैठकीत एकीने विचारलं, "ताई, पोरगा धामण पाळायची म्हणतोय. दुधावर जगेल ना?"

मैत्रिणींनो, सापाचं अन्न दूध नाहीच. धामण गायीचं दूध पिते म्हणतात, पण सापाला चोखता येत नाही. शिवाय ते अणकुचीदार दात आचळाला लागल्यावर गाय गप्प उभी राहील का? धामणीला लागतात उंदीर, बेडूक. आणि आपल्याकडचे साप पकडून पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

सापाची दुभंगलेली जीभ डसायला नसते, वास घ्यायला असते. वासाचे कण जिभेने टिपून तो टाळूतल्या खास इंद्रियाकडे पोचवतो. जिभेच्या ज्या टोकाला वास जास्त, त्या बाजूला भक्ष्य! बाहेर कान दिसत नाहीत, पण जमिनीची थरथर त्याला जबड्यातून कळते.

आणि गिळणं? त्याच्या खालच्या जबड्याची दोन हाडं पुढे आपल्या हनुवटीसारखी जुळलेली नसतात, मध्ये लवचीक बंध असतो. म्हणून डोक्यापेक्षा मोठा घासही मावतो. दात आत वळलेले. एकदा डावी बाजू पुढे, एकदा उजवी, विहिरीतून दोर ओढावा तसा उंदीर आत जातो, बहुधा डोक्याकडून. श्वासनलिकेचं तोंड पुढे आणता येत असल्याने श्वास कोंडत नाही. पचायला मात्र काही दिवस लागतात.

थोडक्यात, साप घरात शिरतो तो बहुतेकदा भक्ष्याच्या मागावर. कणगीखाली सांडलेले दाणे रोज झाडा, भिंतीतली बिळं बुजवा, सरपण घरापासून लांब रचा. बिनविषारी धामण शेतातले उंदीर खाते, तिला मारू नका.

मण्यारीपासून मात्र जपा. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि चावा फारसा दुखतही नाही. शक्यतो खाटेवर झोपा, मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा. साप चावलाच तर भगताकडे वेळ घालवू नका. चिरा देऊ नका, करकचून बांधू नका. माणसाला चालवू नका, तडक कासा किंवा डहाणूचं सरकारी रुग्णालय गाठा. विषावर खरा उतारा तिथल्या प्रतिविषाच्या इंजेक्शनातच आहे. एवढं शेजारणीलाही सांगाल ना?