जलरंगांची पहिली ओळख

ज्याच्या हाताला उपजत वळण असते त्यानेच चित्रे काढावीत, असा आपल्याकडे एक समज आहे. त्यात जलरंग म्हटले की मुलेच काय, पालकही बिचकतात. मीही त्यांतलाच. शाळेत असताना एलिमेंटरी परीक्षेच्या स्मरणचित्रात माझे आकाश चिखलासारखे झाले. मी नापास झालो आणि पुढे तीस वर्षे ब्रश हाती धरला नाही. गेल्या वर्षी माझी मुलगी त्याच परीक्षेचा सराव करीत होती. तिचेही आकाश मळले. "बाबा, मला येत नाही," असे म्हणून तिने रंगपेटी कपाटात टाकली. तेव्हा आम्ही दोघेही पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकायला बसलो. त्यातून जे समजले ते विद्यार्थी मित्रांसाठी येथे मांडतो.

जलरंग म्हणजे रंगाची अतिशय बारीक पूड आणि तिला धरून ठेवणारा डिंक. पाण्यात कालवल्यावर हा रंग पारदर्शक होतो. प्रकाश त्यातून आरपार जाऊन पांढऱ्या कागदावर आदळतो व परत येतो, म्हणून चित्र उजळ दिसते. यावरून दोन नियम निघतात. पहिला, पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. जेथे उजेड हवा ती जागा आधीच राखून ठेवावी. दुसरा, फिकटाकडून गडदाकडे जावे. फिकट रंग मागाहून गडद करता येतो, पण गडद झालेला पुन्हा पहिल्यासारखा फिकट होत नाही.

साहित्य फार लागत नाही. ४ आणि १० नंबरचे दोन गोल ब्रश, पिवळा, लाल व निळा असे तीन रंग, जुनी पांढरी बशी, एक चिंधी आणि पाण्याचे दोन डबे. एका डब्यात ब्रश धुवावा, दुसऱ्यातले स्वच्छ पाणी रंग कालवायला घ्यावे. काटकसर करायची तर रंगांत करावी, कागदात करू नये. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि रंग खड्ड्यांत साचतो. ३०० ग्रॅम वजनाचा जाड कागद उत्तम. तो महाग वाटल्यास त्याचे चार तुकडे करून दोन्ही बाजू वापराव्यात.

आता पहिला धडा, म्हणजे सपाट वॉश. लागेल त्याहून थोडा जास्तच रंग आधी कालवून ठेवावा. पॅडच्या वरच्या कडेखाली एखादे पुस्तक ठेवून उतार द्यावा. भरलेल्या ब्रशने वरून एक आडवा पट्टा ओढावा. त्याच्या खालच्या कडेला रंगाचा ओघळ साचेल. पुढचा पट्टा त्या ओघळाला भिडवून ओढावा आणि असे खालपर्यंत यावे. शेवटचा ओघळ पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यावा. मग हात आखडता घ्यावा. आमची दोघांची चूक येथेच होत होती. कागद अर्धवट ओला असताना आम्ही डाग सुधारायला जात होतो. त्यामुळे बसलेला रंग उठतो, डाग वाढतो आणि आकाश मळते. एक तर कागद पूर्ण ओला असताना काम करावे, नाही तर पूर्ण सुकू द्यावा. सुकल्यावर रंग थोडा फिका पडतो, म्हणून आधी वेगळ्या तुकड्यावर पाहून घ्यावा.

पहिला आठवडा फक्त वॉश करावेत. दुसऱ्या आठवड्यात खिडकीजवळ एखादा पेरू ठेवून एकाच रंगाच्या उजळ, मध्यम व गडद अशा तीन छटांत रंगवावा. तिसऱ्या आठवड्यात तीन रंगांची मिश्रणे करून पाहावीत. सगळे रंग एकत्र मिसळले की राखाडी गढूळपणा येतो, हेही तेव्हाच कळते.

या माध्यमात काय साधता येते हे पाहायचे असेल, तर सा. ल. हळदणकर (१८८२-१९६८) यांचे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र पाहावे. ते म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अनेकांना ते राजा रविवर्मा यांचे तैलचित्र वाटते. प्रत्यक्षात ते जलरंगात आहे. बोटांतून झिरपणारा तो उजेड जलरंगांतून उभा राहिला आहे.

माझ्या मुलीला परीक्षेत 'सी' श्रेणी मिळाली. पण रंगपेटी पुन्हा कपाटात गेली नाही. पालकांना एवढेच सांगावेसे वाटते की, पहिले दहा कागद वाया गेले तर मुलांना रागावू नका. ते कागद म्हणजेच शिक्षण आहे.