सातव्या वर्षाची सुटका

प्राचीन धर्मग्रंथांतील विवाहाचे व दास्याचे नियम आज कसे वाचावेत, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. सोयीचे वचन पुढे करून दुबळ्यास दाबून ठेवण्याची खोड सर्वच समाजांत आहे. आमचाही समाज त्यास अपवाद नाही. बायबलातील एकच नियम आम्ही येथे घेतो.

‘निर्गम’ पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात सांगितले आहे की, इब्री दासाने सहा वर्षे चाकरी करावी व सातव्या वर्षी काही न देता मोकळे व्हावे. येथवर ठीक. परंतु धन्याने त्यास बायको करून दिली असेल, तर ती व तिची मुले धन्याचीच. त्याने एकट्याने जावे. बायकामुलांस सोडवत नसेल तर दाराशी त्याचा कान आरीने टोचावा, म्हणजे तो कायमचा दास. संसार हीच बेडी!

सदलग्याच्या वाचकास हे अगदीच परके वाटू नये. लग्नासाठी धन्याकडून उचल घ्यावयाची आणि ती फिटेपर्यंत सालगडी म्हणून राबावयाचे, हे आपल्या मुलखाने पुष्कळ पाहिले आहे. कन्नडमध्ये अशा बांधिलकीस जीत म्हणतात.

आता ‘अनुवाद’ पुस्तकाचा १५ वा अध्याय उघडावा. नियम तोच, पण दासीलाही लागू केलेला. बायको ठेवून घेण्याचे कलम येथे नाही. उलट सुटणाऱ्यास रिकाम्या हाताने न पाठविता कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून उदारपणे द्यावे, कारण तुम्हीही मिसरात दास होता, असे बजावले आहे. (कान टोचणे मात्र राहिलेच.) म्हणजे ग्रंथाने स्वतःच आपला जुना नियम नव्याने वाचला. आमच्या मते आजच्या वाचकास याहून चांगला धडा नाही.

सगळेच असे नाही. ‘लेवीय’च्या २५ व्या अध्यायात परकीय दास पिढीजात ठेवण्यास मुभा आहे, आणि अमेरिकेतील गुलामांचे मालक अशाच वचनांचा आधार घेत. पळून आलेल्या दासास धन्याच्या हवाली करू नये, ही ‘अनुवाद’च्या २३ व्या अध्यायातील आज्ञा त्यांना आठवत नसे; तेथे १८५० चा कायदा तर पळालेल्यास परत देण्यासाठीच झाला. दासपणा तेथे १८६५ त संपला.

कुराणाच्या नूर सूरेतही, सुटकेचा करार मागणाऱ्या गुलामात भलेपणा दिसल्यास तो लिहून द्यावा व ईश्वराने दिलेल्या धनातून त्यास काही द्यावे, असे आहे. नुसते दार उघडून भागत नाही, हे दोन्हीकडे ओळखलेले दिसते.

आपल्याकडे १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद होऊन तिच्यापायीचे कर्जही रद्द झाले. सुटलेल्यांच्या पुनर्वसनाची केंद्र सरकारची योजना १९७८ मध्ये आली. खळ्यातून देण्याचा भाग तो हा, दोन वर्षे उशिरा.